द मपेट्स (२०१५ ची मालिका)

द मपेट्स : अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २०१५ ते १ मार्च २०१६ या काळात दाखवली गेलेली बाहुल्यांची विनोदी मालिका. एकूण भाग १६. जिम हेन्सन (१९३६–१९९०) यांनी घडवलेल्या कर्मिट बेडूक, मिस पिगी, फॉझी अस्वल, गोंझो या मंडळींना दूरचित्रवाणीच्या मुख्य वेळेत परत आणण्याचा हा प्रयत्न होता. पहिला भाग सुमारे ९० लाख लोकांनी पाहिला. हंगाम संपेपर्यंत हा आकडा साधारण एक तृतीयांशावर आला आणि १२ मे २०१६ रोजी मालिका गुंडाळल्याचे जाहीर झाले. या नोंदीत ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा दाखला अधूनमधून येईल, कारण मपेट्स ही मुळात नाटकवाली मंडळी आहेत. तिसरी घंटा झाल्यावरही पडदा का वर जात नाही म्हणून ज्याने तिथे माना उंचावून पाहिले आहे, त्याला या मालिकेत काय हरवले होते ते पटकन कळेल.

पूर्वपीठिका : हेन्सन यांनी १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका स्थानिक वाहिनीवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. कर्मिट त्यातलाच. आईचा जुना कोट आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे, एवढ्या भांडवलावर तो जन्माला आला. तोवर दूरचित्रवाणीवर बाहुल्या दाखवायच्या म्हणजे लाकडी चौकटीचा छोटा रंगमंच मांडायचा आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावायचा, अशी रीत होती. हेन्सन यांनी तो रंगमंच काढून टाकला. पडद्याची चौकट हाच बाहुल्यांचा रंगमंच ठरवला. खेळवणारा चौकटीच्या खाली हात उंच धरून उभा राहतो आणि समोरच्या मॉनिटरवर आपली बाहुली प्रेक्षकाला कशी दिसते आहे ते पाहत राहतो. आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या वरून दोरीने चालतात. इथे सगळा कारभार खालून, पंजाने. लाकडाऐवजी कापड आणि फोम वापरल्यामुळे बोटे आवळली की चेहरा आक्रसतो, मनगट कलले की नजर कलते. कर्मिटच्या डोक्यात माणसाच्या हाताखेरीज जवळपास काहीच नाही. त्याचा अभिनय जिवंत वाटतो तो म्हणूनच.

१९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला आणि बाहुल्या म्हणजे मुलांचा विषय असा शिक्का हेन्सन यांच्यावर बसला. (ठाण्यातल्या आजच्या विशी-पंचविशीतल्या पिढीला ही बाहुली-घडण भेटली ती त्याच कार्यक्रमाच्या भारतीय अवतारातून, २००६ मध्ये आलेल्या ‘गली गली सिम सिम’मधून. त्यातल्या चमकी या बाहुलीचे नाव काढले की त्यांचे चेहरे अजून खुलतात. कर्मिट मात्र बऱ्याच जणांना फक्त मोबाइलवरच्या मीम्समुळे ठाऊक असतो.) हा शिक्का पुसण्यासाठी हेन्सन प्रौढांचा कार्यक्रम घेऊन अमेरिकी वाहिन्यांचे उंबरठे झिजवत राहिले. कोणी दाद दिली नाही. शेवटी इंग्लंडमधले निर्माते लू ग्रेड पुढे आले आणि एल्स्ट्रीच्या स्टुडिओत ‘द मपेट शो’ उभा राहिला. १९७६ ते १९८१, पाच हंगाम, १२० भाग.

जुन्या शोची घडण : ‘द मपेट शो’ एका जुनाट नाट्यगृहात घडतो. कर्मिट हा कंपनीचा व्यवस्थापक, सूत्रधार आणि सगळ्यांचे टोमणे खाणारा माणूस (बेडूक खरा, पण इथे दुसरा शब्द बसत नाही). दर आठवड्याला एक खराखुरा पाहुणा कलाकार येतो. दुसऱ्या ते चौथ्या हंगामात भागाची सुरुवातच अशी होते की स्कूटर नावाचा पोऱ्या पाहुण्याच्या रंगपटात डोकावून पडदा उघडायला किती सेकंद उरले ते सांगतो. म्हणजे तिसरी घंटा झाली आहे, विंगेत कोंबड्या सुटल्या आहेत, तोफेतून उडणारा गोंझो सापडत नाही, पिगीला आपला प्रवेश आणखी लांब हवा आहे, आणि तरीही प्रयोग व्हायलाच हवा. बाजूच्या बाल्कनीत स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे बसून प्रत्येक प्रवेशाला नावे ठेवतात. गडकरीच्या बाल्कनीत मध्यंतराचा बटाटेवडा हातात धरून ‘पहिल्या संचाची सर नाही हो याला’ म्हणणारे काका आठवा. ते पुढच्या नाटकालाही येतात, तसेच हे दोघेही दर आठवड्याला येतात.

या घडणीत प्रेम, मत्सर, अपमान, स्फोट सगळे असते. पण त्यातली प्रत्येक गोष्ट प्रयोगाच्या वाटेतला अडथळा म्हणून येते. कर्मिट–पिगीचे प्रकरणही तसेच. ती मागे लागते, तो निसटतो, आणि तेवढ्यात पुढचा प्रवेश लागतो.

२०१५ ची योजना : हेन्सन गेल्यावर मपेट्सचे चित्रपट होत राहिले, १९९६ मध्ये ‘मपेट्स टुनाइट’ ही मालिका येऊन गेली आणि २००४ मध्ये डिस्नेने ही पात्रे विकत घेतली. २०११ च्या चित्रपटाने चांगली हवा केली, त्यातल्या एका गाण्याला ऑस्करही मिळाले. २०१४ च्या पुढच्या चित्रपटाला ते जमले नाही. तेव्हा एबीसीने (ही वाहिनीही डिस्नेचीच) दूरचित्रवाणीचा मार्ग धरला. निर्माते होते बिल प्रॅडी आणि बॉब कुशेल. प्रॅडी हे ‘द बिग बँग थिअरी’चे सहनिर्माते आणि तरुणपणी हेन्सन यांच्याकडेच काम केलेले, म्हणजे घरचा माणूस नव्हता असे म्हणता येत नाही.

कल्पना अशी : मिस पिगी आता ‘अप लेट विथ मिस पिगी’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची सूत्रसंचालिका आहे. कर्मिट त्या कार्यक्रमाचा कार्यकारी निर्माता. गोंझो, रिझो उंदीर आणि पेपे कोळंबी हे लेखक, फॉझी पिगीच्या बाजूला बसून हशा पिकवणारा, स्कूटर पाहुणे ठरवणारा, सॅम गरुड वाहिनीचा सेन्सॉर. आणि हे सगळे मॉक्युमेंटरीच्या, म्हणजे खोट्या माहितीपटाच्या थाटात : हलता कॅमेरा, कार्यालयातली कुजबुज, मध्येच पात्र एकटे बसून कॅमेऱ्याला मनातले सांगते. सुरुवातीची दहा मिनिटांची झलक प्रसिद्ध झाली तेव्हा लोक खूश होते. ऑगस्ट २०१५ मध्ये कर्मिट आणि पिगी विभक्त झाल्याचे दोघांच्या नावाने जाहीर करण्यात आले. बातम्या जगभर छापून आल्या. कर्मिटला डेनिस नावाची नवी मैत्रीण मिळाली. तीही डुक्करच.

अपयशाची कारणे : सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे मालिका ‘फार प्रौढ’ झाली. वन मिलियन मॉम्स या संघटनेने पहिला भाग लागण्याआधीच विरोधाची मोहीम उघडली होती. हे कारण सोपे आहे आणि अपुरे आहे. मपेट्स प्रौढ नव्हते कधी? ‘द मपेट शो’च्या १९७५ मधल्या चाचणी-भागाच्या नावातच ‘सेक्स अँड व्हायोलन्स’ हे शब्द होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या पहिल्या हंगामात हेन्सन यांच्या बाहुल्यांचे निव्वळ प्रौढांसाठीचे प्रवेश होते. तेही पडले, पण चावटपणामुळे नव्हे. त्या कार्यक्रमाचे लेखक बाहुल्यांसाठी लिहायला नाखूश होते. माणसांसाठी सुचलेले विनोद त्यांनी बाहुल्यांच्या तोंडी घातले. चाळीस वर्षांनी तीच ठेच पुन्हा लागली.

पहिली गोष्ट, प्रयोगच नाहीसा झाला. पिगीचा कार्यक्रम रोज रात्री नेमाने प्रक्षेपित होतो. तो पडेल, बंद होईल, छत कोसळेल अशी भीती कोणाला नाही. नाटक कंपनीचे ऑफिस झाले आणि ऑफिसात माणसे, म्हणजे बाहुल्या, करतात ते एकमेकांची उणीदुणी काढणे. पहिल्याच भागात पिगी एका अभिनेत्रीला पाहुणी म्हणून बोलवायला साफ नकार देते. शोधता शोधता कळते की तिचे आणि कर्मिटचे बिनसले ते त्या अभिनेत्रीच्या चित्रपटाला दोघे गेले असताना. प्रसंग वाईट नाही. पण तो कुठल्याही दोन माणसांवर बेतता आला असता. कर्मिट इथे त्रासलेला वरिष्ठ आहे, जुन्या प्रेयसीला टाळणारा, प्रसंगी किरकोळ खोटे बोलणारा. पूर्वीही तो वैतागायचा, हात हवेत उडवून किंचाळायचा, पण वैताग इतरांना सांभाळून घेण्यातून यायचा. नव्या मालिकेत तो खडूस वाटतो, आणि खडूस कर्मिट बघायला कोणी दिवसभराचे काम संपवून टीव्हीसमोर बसत नाही.

याच भागात फॉझीचे एक उपकथानक आहे. त्याची मैत्रीण माणसाच्या जातीची. तिच्या आईवडिलांना अस्वल जावई नको. हा मात्र अस्सल मपेट विनोद, कारण तो फॉझी अस्वल असल्यावरच चालतो. पुढच्या भागांतही जिथे डुक्कर डुक्कर राहिले आणि कोळंबी कोळंबी, तिथे मालिका हसवते. पात्रांची वंशावळ विसरून ती घटस्फोटितांसारखी बोलू लागली की फोमचा नुसता फोम उरतो.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. मॉक्युमेंटरीतला विनोद माणसाच्या चेहऱ्यावरच्या अगदी बारीक हालचालींवर जगतो : पापणी किंचित पडते, गिळलेला आवंढा दिसतो, ओठ नको तिथे थरथरतो. फॉझीच्या चेहऱ्यावर यातले फारसे करता येत नाही. बाहुलीची ताकद मोठ्या हालचालीत आहे, मान झटकण्यात, पूर्ण अंगाने कोसळण्यात, अचानक स्तब्ध होण्यात. शिवाय जुन्या शोमध्ये प्रेक्षागृह होते, हशा होता, म्हातारे होते. म्हणजे फसलेल्या विनोदालाही पडायला जागा होती. फॉझीचा विनोद पडला की बाल्कनीतून शेरा यायचा आणि तो शेराच विनोद ठरायचा. ऑफिसच्या शांततेत पडलेला विनोद नुसता पडून राहतो. (मंगळवारी रात्री आठला समोरच्या वाहिन्यांवर ‘एनसीआयएस’ आणि ‘द व्हॉइस’ होते, हेही खरे. पण पहिल्या दिवशी ९० लाख लोक ते सोडून आलेच होते.)

तिसरे कारण पडद्यावर दिसत नाही. हेन्सन यांच्या काळात बाहुलीचा मालक, तिचा हात आणि तिच्या तोंडचे शब्द एकाच चमूतले होते. हेन्सन कर्मिट खेळवत, फ्रँक ऑझ पिगी आणि फॉझी. तालमीत दोघे एकमेकांची खेचत आणि त्यातले बरेच पडद्यावर येई. २०१५ मध्ये कर्मिट स्टीव्ह व्हिटमायर यांच्या हातात होता, पिगी एरिक जेकबसन यांच्या. दोघेही तयारीचे कलाकार. मालकी डिस्नेची, लेखन विनोदी मालिकांच्या लेखकांचे. पात्र असे वागेल की नाही हा वाद मग कोणी सोडवायचा? पुढे २०१६ मध्ये व्हिटमायर यांना भूमिकेवरून काढण्यात आले आणि कर्मिट मॅट व्होगल यांच्याकडे गेला. ही बातमी जुलै २०१७ मध्ये बाहेर आली.

मधली डागडुजी : नोव्हेंबर २०१५ मध्ये कुशेल बाहेर पडले, त्यांच्या जागी क्रिस्टिन न्यूमन आल्या. फेब्रुवारीत मालिका परतली तेव्हा सूर हलका झाला होता आणि कर्मिट–पिगी पुन्हा एकमेकांकडे वळू लागले होते. वाहिनीचा एक ब्रँडिंग-तज्ज्ञ येऊन ‘कार्यक्रम बदला’ म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर बसतो, हे कथानक तर स्वतःचीच थट्टा होती. शेवटचे काही भाग पहिल्यांपेक्षा निश्चित चांगले आहेत. तोवर प्रेक्षक उठून गेले होते.

मराठी दाखले : मराठी रंगभूमीचे आद्य नाटककार विष्णुदास भावे, ज्यांच्या नावाचे नाट्यगृह वाशीला आहे, ते लाकडी बाहुल्याही बनवत, म्हणजे नाटक आणि बाहुली यांची सोयरीक आपल्याला परकी नाही. जुने पात्र नव्याने आणण्याचे आपल्याकडचे सगळ्यांत बोलके उदाहरण अर्धवटरावांचे. यशवंत पाध्ये यांचा हा बोलका बाहुला शंभरी ओलांडून गेला. वडिलांकडून तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्याकडे आला आणि आता तिसरी पिढीही बाहुल्या बोलवते. विषय बदलले, चालू घडामोडी बदलल्या. अर्धवटरावांचा आगाऊपणा आणि आवडाबाईंशी होणारी त्यांची खडाजंगी कायम राहिली. ज्याच्या मांडीवर बसायचे त्याचीच फजिती करण्याचा परवाना त्यांना आहे, कारण ते माणूस नाहीत. त्यांना कारकुनाची नोकरी आणि फ्लॅटचे हप्ते देऊन पाहा. परवाना लगेच रद्द होईल.

दुसरा दाखला बालनाट्याचा. रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनात पुन्हा आले. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चेटकीण या वेळी वैभव मांगले यांनी केली. चेटकिणीला आधुनिक करण्याच्या, तिच्या बालपणातल्या जखमा शोधण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. ती चेटकीणच राहिली, प्रेक्षागृहातली पोरे किंचाळली, आणि ज्यांनी लहानपणी पहिला संच पाहिला होता ते आईबाप पोरांच्याही वर किंचाळले. मे महिन्याच्या सुटीत गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर बालनाट्यासाठी उभी असलेली रांग पाहिली की जुन्या पात्राकडून लोक काय मागतात ते दिसते : तेच, पण आज, आपल्या डोळ्यांसमोर.

नंतरची वाटचाल : डिस्नेने यानंतर छोट्या पल्ल्याचे प्रयत्न केले. २०२० मध्ये ‘मपेट्स नाऊ’चे सहा भाग आले, त्यात स्कूटर ठरलेल्या वेळेत भाग ऑनलाइन चढवण्यासाठी धावपळ करतो, म्हणजे तिसरी घंटा निदान संगणकावर तरी परत आली. २०२३ मधल्या ‘द मपेट्स मेहेम’ने पिगी–कर्मिटला बाजूला ठेवून मपेट्सच्या वाद्यवृंदावर कथा रचली. चाळीसहून अधिक वर्षे राहून गेलेला आल्बम पुरा करायचा एवढेच या बँडपुढचे काम होते. या मालिकेचे कौतुक झाले, तरी दुसरा हंगाम मिळाला नाही. दरम्यान फेब्रुवारी २०२१ मध्ये मूळ ‘द मपेट शो’चे पाचही हंगाम, काही भाग वगळून, डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेवर उपलब्ध झाले.