महिन्याचा किराणा भरताना : डाळीवर कात्री नको

नमस्कार ताई, भाऊ, मावशी,

हे पत्रक आम्ही सामानाच्या पिशवीत घालून देतोय. घरी निवांत वाचा, आणि वाचता न येणाऱ्या थोरांना वाचून दाखवा. त्यांना यातलं बरंचसं आधीपासून माहीत असेल.

आपलं दुकान किराण्याचं, शेजारी चक्की. दिवसभर याद्या वाचायच्या, दळणाचे डबे उतरवून घ्यायचे, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय ते न विचारताही आम्हाला कळतं. अलीकडे याद्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते. महिना ओढाताणीचा असला की दोन किलोची तूरडाळ एक किलोवर येते, शेंगदाणे पाव किलोवर येतात. तेल तेवढंच राहतं आणि पाकिटं वाढतात. डाळ-दाण्यावरची ही कात्री दुसरीकडे चालवा, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. कुठे चालवायची तेही सांगतो.

आधी कळणा

कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकर म्हणजे गरिबीचं खाणं, असं अजूनही काही जण समजतात. तसं नाही. ज्वारीत शंभर ग्रॅममागे साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात 22 ग्रॅमच्या पुढे. चार किलो ज्वारीत एक किलो अख्खे काळे उडीद घालून दळलं, की पिठातली प्रथिनं 12-13 ग्रॅमवर जातात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की प्रथिनांचा लायसिन नावाचा जो भाग ज्वारीत कमी पडतो तोच उडदात भरपूर असतो. म्हणून दोन्ही एकत्र खाल्लं की अंगाला जास्त लागतं. वरण-भातात, खिचडीत, वरण-बट्टीत हाच हिशोब आहे. कळण्यात तो भाकरीतच बसतो, त्यामुळे एखाद्या दिवशी वरण झालं नाही, नुसता ठेचा आणि कांदा ताटात आला, तरी पोरांच्या पोटात थोडी डाळ गेलेली असते.

प्रमाण घरोघरी वेगळं. पहिल्यांदा करत असाल तर चारास एक ठेवा, उडीद जास्त झाले तर भाकर चिकट होते आणि थापता येत नाही. उडीद निवडून, एक ऊन देऊन आणा. मीठ दळणातच हवं असेल तर खडेमीठ बेतानं टाका, भाजीतही मीठ असतंच. आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळून न्या. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकर तव्यावर टाकताना तुटते, मग दोष उगाच करणारीच्या हाताला लागतो.

गव्हात सोयाबीन मिसळायचं असेल तर नऊ किलोला एक किलो पुरे. पण सोयाबीन कच्चं दळून आणू नका, नीट भाजूनच आणा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो.

पाच रुपयांचं पाकीट

मागच्या महिन्यात एक मावशी यादी घेऊन आल्या. तूरडाळीसमोरचा दोनचा आकडा खोडून एक केलेला. सोबत दोन नातवंडं, दोघांच्या हातात कुरकुरीत काहीतरी. आम्ही सहज विचारलं, दिवसाला किती पाकिटं होतात? म्हणाल्या, शाळेत जाताना एक, आल्यावर एक. यादीच्या मागेच हिशोब मांडला. दोन पोरं, दोन-दोन पाकिटं, 5 रुपयांचं एक. दिवसाचे 20 रुपये, महिन्याचे 600. मावशी आकड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतला पैसा जातस का भाऊ?"

हो, जातात. डाळीतून त्यांनी जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट इकडून जात होते. 600 रुपयांत आजच्या भावानं तीन किलोच्या वर शेंगदाणे येतात. ही पाकिटं आम्हीच विकतो, त्यावर आम्हालाही चार पैसे सुटतात. तरी सांगतो, पोरांना ती रोज देऊ नका. मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा, फुटाणे, उकडलेलं अंडं, नाहीतर केळं द्या. रावेर-यावलची केळी आपल्या दारात पिकतात, आणि आपलीच पोरं बिस्किटावर दुपार काढतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. घरात चालत असतील तर आठवड्यातून तीन-चारदा पोरांना द्या.

सकाळच्या चहा-टोस्टचंही तेच. लहान पोराला चहा नकोच. मोठ्यांनीही जेवणावर लगेच चहा घेऊ नये, जेवणातलं लोह अंगी लागायला चहा आडवा येतो. तासाभराचं अंतर ठेवा. उलट वरणावर, उसळीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त मिळतं.

तूर महाग झाली की

जळगावात एवढ्या डाळमिल असूनही तुरीचा भाव आपल्या हातात नसतो. पीक कमी आलं की तो चढतोच. तेव्हा वरण बंद करू नका, डाळ बदला. निम्मी तूर आणि निम्मी मूग किंवा मसूर घाला. फोडणीला लसूण जरा जास्त टाकला की घरात कुणी ओळखत नाही. अख्खे मठ (मटकी), चवळी, हरभरे, मूग हे डाळीपेक्षा बरेचदा स्वस्त पडतात आणि फुगून दुपटीवर जातात. मठ रात्री भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या सकाळी मोड येतात. थंडीत एक दिवस जास्त धरा. मोडामुळे पचायला हलकं होतं आणि कोरड्या कडधान्यात नसलेलं क जीवनसत्त्वही येतं.

सोयावडीही घरात ठेवा. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की उग्र वास जातो. मग वांग्याच्या किंवा बटाट्याच्या रश्शात सोडा.

आणि फुणके. घरात भाजी नसेल, हातात पैसे नसतील, तेव्हा फुणके करा. तूरडाळ चार तास भिजवायची. नुसती तूर महाग वाटली तर थोडी हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ मिसळायची. पाणी न घालता जाडसर वाटायची, मिक्सर थांबवत थांबवत, पेस्ट होऊ द्यायची नाही. त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची, जिरं, हळद, मीठ, कोथिंबीर. मुठीत दाबून लांबट मुटके करायचे, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. चाळणीला तेलाचा हात लावून वीस मिनिटं वाफवायचे. वर पातळ गरम कढी. पाव किलो डाळीत चौघं पोटभर जेवतात आणि तेल जेमतेम दोन चमचे लागतं. भज्यांची हौस भागते, कढई तापवावी लागत नाही.

तेल

इथे सगळ्यात जास्त वाचतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार माणशी दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तेल पुरे, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला तीन ते साडेतीन किलो. चौघांच्या घरात पाच-सहा लिटर जाताना आम्ही रोज पाहतो. (1 लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. दोन ठिकाणचे भाव पडताळताना लिटर आणि किलो यांत गल्लत करू नका.)

आपल्याला भाजीवर तर्री लागते, ते मान्य. पण सगळ्या रश्शाला तेल लागत नाही. कांदा आणि खोबरं तेलात परतण्याऐवजी जाळावर किंवा कोरड्या तव्यावर काळपट भाजा, मग वाटा. चव तीच येते, किंबहुना जास्त. घट्टपणाला मूठभर दाण्याचं कूट. शेवटी पळीभर तेलात लाल तिखट घालून वरून सोडा. तर्री दिसते, आणि भाजीत अर्धंच तेल गेलेलं असतं. शेवभाजी मात्र रोजची नको, शेव तेलातच तळलेली असते.

भाजीपाल्याबद्दल थोडंसं

बाजार उठताना जा आणि हंगामातलं घ्या. थंडीत भरताची वांगी, मेथी, हरभऱ्याचा पाला; पावसाळ्यात तांदुळजा, अंबाडी; एरवी गिलके (घोसाळी), गंगाफळ (लाल भोपळा), कच्ची केळी. थंडीत हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात भाजी महागते तेव्हा उपयोगी पडतो. मुगाच्या वड्याही तशाच.

साल भरणं, आणि उधारी

दादर (रब्बीची ज्वारी) आणि गहू नवीन येतात तेव्हा भरून ठेवले तर स्वस्त पडतात. मिरचीही नंदुरबारच्या बाजारात आवक जोरात असते तेव्हाच घ्यावी, पावसाळ्यात तिचा भाव बघवत नाही. पण ज्याच्या हातात रोज संध्याकाळी मजुरी पडते, त्यानं एकदम पोतं कुठून घ्यायचं? त्यासाठी आम्ही एक करतो. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक पोतं सांगितलं, तर पोत्याच्या भावानंच पण घरनिहाय तोलून देतो. त्याचं वेगळं काही घेत नाही.

उधारीबद्दल स्पष्ट बोलतो. अडचणीला उधारी आहे आणि राहील, त्यात लाज नाही. पण वही चालू असली की माणूस भाव विचारत नाही, हे आम्ही गल्ल्यावर बसून पाहिलं आहे. वहीवर घेतानाही भाव विचारा, आमच्यासमोर लिहून घ्या, तुमच्याकडेही एक वही ठेवा. पाकिटं घेताना वजन वाचा. पाकीट जुन्याएवढंच दिसतं आणि आत माल कमी असतो. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं तेही छापलेलं असतं, त्यावरून दोन पाकिटं ताडून बघा.

रेशनचं धान्य सोडू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो, आणि 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. तिथून गहू-तांदूळ आला की वाचलेला पैसा डाळीला लावा. सहा वर्षांखालच्या पोरांचा आणि गरोदर बाईचा आहार अंगणवाडीतून मिळतो, तोही घ्या.

कळण्याचं दळण

मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीननंतर. बाकी दिवशी घेत नाही. कारण कळण्यानंतर लगेच गहू घातला तर पुढच्याच्या पोळ्या काळपट होतात, म्हणून सगळा कळणा एकदम दळून मग चक्की झाडतो. उडीद घरचे नसतील तर दुकानातून एक किलो तोलून तिथेच ज्वारीत मिसळून देऊ. डबा कोरडा आणा, आणि दळण घरी नेल्यावर झाकण लगेच लावू नका, पीठ गार होऊ द्या. गरम पिठाला झाकणाखाली वाफ धरते आणि आठवड्यात वास येतो.