माथ्यावरची रोहिणी आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा

कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहेत आणि रोहिणी हा नारिंगी तारा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाच्या) १६.५ अंश उत्तरेस आहे. त्यामुळे हा तारा कोल्हापूरकरांच्या जवळजवळ नेमका डोक्यावरून जातो. जानेवारीच्या मध्यास ही वेळ रात्री साडेनऊच्या सुमारास येते. माथ्यावर पाहताना वातावरणाचा थर सर्वांत पातळ असतो, क्षितिजालगतचा धूर-धुरळा आड येत नाही आणि शहराच्या दिव्यांचा उजेडही तिथे सर्वांत कमी जाणवतो. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेल्यास कोल्हापूरचा झगमगाट आग्नेयेला खाली राहतो.

रोहिणीभोवतीचा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा ‘शकट’ आणि त्यापासून सुमारे १२ अंशांवरचा कृत्तिकांचा झुबका हे दोन्ही खुले तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे सैल समूह आहेत. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स लावली, तर सुमारे २७ अंश रुंद आणि १८ अंश उंच आकाश टिपता येते, म्हणजे दोन्ही गुच्छ एकाच चौकटीत मावतात.

खरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची आहे. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकते आणि या लेन्सने चार सेकंदांचे एक्स्पोजर दिले, तरी ताऱ्याची प्रतिमा सेन्सरवर तीन-चार पिक्सेल सरकते. त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवल्यास ठिपक्यांच्या रेघा होतात. यावरचा उपाय म्हणजे चार-चार सेकंदांची शंभर छायाचित्रे ‘रॉ’ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घेऊन ती ‘सिक्वेटर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर जुळवणे. ताऱ्याचा प्रकाश प्रत्येक छायाचित्रात असतो, तर नॉइज, म्हणजे सेन्सरची दाणेदार खरखर, प्रत्येकात वेगळा पडतो. म्हणून शंभरांची सरासरी काढल्यावर नॉइज दहा पटींनी कमी होतो आणि एकेका छायाचित्रात न दिसणारे अंधूक तारे वर येतात. आयएसओ (संवेदनशीलता) १६०० आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/२.८ ही सुरुवात चांगली. लेन्स पूर्ण उघडल्यास कडेचे तारे फराटल्यासारखे दिसतात.

फोकस मात्र हातानेच करावा लागतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात, रोहिणी दहापट मोठी करून रिंग अगदी सावकाश फिरवावी आणि तारा लहानात लहान ठिपका झाला की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे अंधारात चुकून धक्का लागला तरी फोकस हलत नाही. पठारावर वारा असतो, तेव्हा ट्रायपॉडचे पाय आखूड ठेवून मधल्या आकड्याला पिशवी टांगावी आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. लेन्सच्या काचेवर दव धरते आहे का, हे मधूनमधून तपासावे.

एवढ्या खटपटीचे फळ म्हणजे रंग. रंगछटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर कायम ठेवला, तर कृत्तिकांचे ठळक तारे निळसर-पांढरे आणि शकटातले चार ठळक तारे नारिंगी दिसतात. हा फरक वयाचा आहे. कृत्तिकांचा गुच्छ सुमारे १० कोटी वर्षांचा आहे, तर शकटाचा ६० कोटींहून अधिक. जड, निळे तारे आपले इंधन लवकर संपवतात. शकटातले तसे तारे केव्हाच विझले आणि त्यांच्याहून थोडे हलके तारे आता फुगून नारिंगी राक्षसी तारे झाले आहेत. स्वतः रोहिणी मात्र या गुच्छातली नाही: गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे आणि ती ६५ प्रकाशवर्षांवर, केवळ त्याच दिशेला. माझ्या मते नवख्याने सुरुवात या चौकटीपासूनच करावी, कारण ताऱ्यांचे वय इतक्या साध्या साधनाने डोळ्यांसमोर आणणारी दुसरी चौकट सहसा सापडत नाही.

हात बसल्यावर त्याच ऋतूत, संध्याकाळी उत्तरेकडे ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ टिपावा. ध्रुवाच्या जवळ असल्याने तो सावकाश सरकतो आणि एक्स्पोजर जवळजवळ दुप्पट देता येते. एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेअकराच्या सुमारास राधानगरीच्या बाजूने दक्षिणेकडे पाहिल्यास नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा गोलाकार तारकागुच्छ क्षितिजापासून २६ अंश वर असतो. दिल्लीहून तो जेमतेम १४ अंश वर येतो.