निकोबारी कबूतर

निकोबारी कबूतर (कॅलोनस निकोबारिका) हा कोलंबिडी कुलातील, लहान बेटांवर राहणारा पक्षी. कॅलोनस प्रजातीत आज एवढी एकच जाती उरली आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने 1758 मध्ये तिची नोंद केली. नाव निकोबारचे असले, तरी त्याचा वावर अंदमान-निकोबारपासून म्यानमारची मेर्गुई बेटे, इंडोनेशिया, फिलिपिन्स, सॉलोमन बेटे आणि पलाऊपर्यंत आहे. पलाऊमध्ये त्याची वेगळी उपजाती आढळते.

लांबी सुमारे 40 सेंमी. सावलीत हा पक्षी काळपट दिसतो. कवडसा पडला की पाठ आणि पंख हिरवे, निळे, तांब्यासारखे झळकतात. ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून निर्माण होते. डोके राखाडी असून मानेभोवती लांब पिसांची आयाळ लोंबते. नराच्या चोचीच्या बुडाशी असलेला काळसर उंचवटा मादीपेक्षा मोठा असतो. आखूड शेपूट मात्र पांढरीशुभ्र. पहाटे किंवा सांजावताना थवा एकामागोमाग एक समुद्र ओलांडतो, तेव्हा पुढच्याची ही शेपूट मागच्याला दिशादर्शक ठरत असावी, असे मानतात. लहान पक्ष्यांची शेपूट गडद असते, त्यामुळे वयात न आलेला पक्षी चटकन ओळखू येतो.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हाही कबुतरच, पण तो वड-उंबराच्या शेंड्यावर चरतो. निकोबारी कबूतर दिवसभर जंगलातल्या पाचोळ्यात पायी फिरून बिया, पडलेली फळे आणि किडे टिपते. झोपायला मात्र झाडावर जाते. त्याची पेषणी, म्हणजे अन्न भरडणारा जठराचा भाग, दणकट असते. तिच्यातल्या खड्यांच्या मदतीने कठीण कवचाच्या बियाही भरडल्या जातात. या खड्याचे दागिने होतात, म्हणूनही या पक्ष्याची शिकार झाली आहे.

निर्मनुष्य बेटांवर वसाहतीने घरटी होतात. निकोबार समूहातील बट्टीमाल्व्ह त्यासाठी प्रसिद्ध आहे. घरटे म्हणजे काटक्यांची विरळ रचना, आणि त्यात निळसर पांढरे एकच अंडे. इतर कबुतरांप्रमाणे नर-मादी दोघेही पिलाला अन्नपुटात (गळ्याजवळच्या अन्नाच्या पिशवीत) स्रवणारे ‘दूध’ भरवतात. वसाहत दाट आणि अंडे एकच, त्यामुळे अशा बेटावर उंदीर किंवा मांजरे पोहोचली की हानी मोठी होते. त्यात जंगलतोड आणि पाळण्यासाठीच्या पकडीची भर पडते. जातीची गणना ‘संकटसमीप’ गटात होते. भारतात तिला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

2002 मधील डीएनए अभ्यासात, तपासलेल्या हयात कबुतरांपैकी हेच मॉरिशसच्या नामशेष डोडोचे सर्वांत जवळचे नातेवाईक ठरले. डोडोच्या वंशात उडण्याची क्षमता लोपली. निकोबारी कबूतर आजही अन्नासाठी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडत जाते; 2017 मध्ये तर एक पक्षी थेट ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात आढळला होता.