मेल्व्हिल, हर्मन

हर्मन मेल्व्हिल (१ ऑगस्ट १८१९–२८ सप्टेंबर १८९१) हा श्रेष्ठ अमेरिकन कादंबरीकार. त्याचा जन्म न्यूयॉर्क शहरी व्यापारी कुटुंबात झाला. परंतु वडिलांचे दिवाळे निघाले आणि १८३२ मध्ये ते वारले, तेव्हा शाळा सोडून त्याने ऑल्बनी येथील एका बँकेत कारकुनी पत्करली. जानेवारी १८४१ मध्ये तो ‘अकुश्नेट’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. दीड वर्षाने पॅसिफिक महासागरातील मार्केसस द्वीपसमूहातील नुकु हिवा बेटावर तो जहाज सोडून पळाला आणि सुमारे महिनाभर तेथील नरभक्षक समजल्या जाणाऱ्या ताइपी लोकांत राहिला. त्या अनुभवावरील टायपी (१८४६) या पुस्तकात त्याने महिन्याचे चार महिने केले आहेत. पुस्तक गाजले, ‘नरभक्षकांत राहिलेला माणूस’ ही ओळख मात्र त्याला पुढे नकोशी झाली.

मॉबी डिक (१८५१) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती त्याने मित्र नाथॅनिएल हॉथॉर्न याला अर्पण केली. पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घेण्यासाठी कप्तान एहॅब सगळे जहाज पणाला लावतो, एवढेच तिचे कथानक. पण देवमाशाची शरीररचना, चरबी कढवून तेल काढण्याची रीत, दोरखंड, भाले यांवरील प्रकरणे ते वारंवार अडवून धरतात. कथा वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटतात, परंतु कादंबरीचे खरे बळ त्यांतच आहे. लंडनमध्ये ती न्यूयॉर्कच्या आधी तीन खंडांत निघाली. त्या आवृत्तीत निवेदक इश्माएल शवपेटीच्या आधाराने वाचतो हे सांगणारा उपसंहारच गळाला होता. साहजिकच, सगळेच बुडाले तर गोष्ट सांगितली कोणी, असा प्रश्न काही इंग्रज समीक्षकांनी केला.

यानंतर त्याची लोकप्रियता ओसरली. पिएर (१८५२) सपशेल पडली. ‘बार्टलबी’ (१८५३) ही वॉल स्ट्रीटवरील कारकुनाची अजोड दीर्घकथा मासिकातून निनावी प्रसिद्ध झाली. द कॉन्फिडन्स मॅन (१८५७) नंतर त्याच्या हयातीत त्याची एकही कादंबरी आली नाही. १८६६ पासून १९ वर्षे त्याने न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षकाची नोकरी केली. याच काळात त्याने क्लॅरेल (१८७६) हे जवळजवळ १८,००० ओळींचे काव्य लिहिले. ते छापण्याचा खर्च मामाने दिला.

रेमंड वीव्हरने १९२१ मध्ये त्याचे चरित्र लिहिल्यावर अभ्यासक मेल्व्हिलकडे नव्याने वळले. मृत्यूसमयी अपुरी राहिलेली बिली बड ही लघुकादंबरी वीव्हरनेच हस्तलिखितावरून संपादून १९२४ मध्ये छापली. तिच्यावर बेंजामिन ब्रिटनने रचलेला ऑपेरा १९५१ मध्ये रंगभूमीवर आला.