सी भाषेतील स्ट्रिंग व पॉइंटरविषयक वॉर्निंग

सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल होताना मजकूर (स्ट्रिंग) आणि त्याचा मेमरीतला पत्ता (पॉइंटर) यांत गल्लत दिसली, की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन, देतो ती सूचना. सूचना देऊनही प्रोग्राम बहुधा तयार होतो. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये ‘एरर नाही, वॉर्निंगच हाय’ म्हणून ती सोडून देणारे पुष्कळ.

सीमध्ये स्ट्रिंग हा वेगळा प्रकार नाही. दुहेरी अवतरणातला मजकूर म्हणजे बाइटांची ओळ, शेवटी शून्य बाइट. आणि बहुतेक ठिकाणी हाती येतो तो पहिल्या बाइटचा पत्ता. म्हणून एका ‘कॅर’मध्ये, म्हणजे एकाच बाइटाच्या जागेत, "खानापूर" ठेवायला गेल्यास ‘मेक्स इंटिजर फ्रॉम पॉइंटर विदाउट अ कास्ट’ अशी तक्रार येते. 64-बिट संगणकावर आठ बाइटांचा पत्ता एका बाइटात कोंबला जात असतो. (हा ‘कास्ट’ दाखल्यावरचा नव्हे, प्रकार बदलून घेणे एवढाच अर्थ. तो शब्द वाचून कास्ट घातल्याने चूक सुधारत नाही, ‘कॅर’पुढे तारा (*), म्हणजे पत्त्याची खूण, हवा असतो.) जीसीसी या कंपायलरच्या 14व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून, ही वॉर्निंग मूळ सेटिंगमध्ये थेट एरर झाली आहे.

दोन नावे ‘==’ने ताडली तर पत्ते ताडले जातात, अक्षरे नव्हेत; अक्षरे ताडायला ‘स्ट्रकंप’ हे फंक्शन (ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा) आहे. फंक्शनने स्वतःपुरत्या बाइटांच्या ओळीचा, म्हणजे लोकल अ‍ॅरेचा पत्ता परत देणे त्याहून वाईट: पत्ता मिळतो, तिथले घर पाडलेले असते.

सीमाभागात खरी अडचण लिपीची. यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी आणि कन्नड, दोन्हींचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, मात्रा यांची चिन्हे वेगळी मोजली जातात. त्यामुळे एकेरी अवतरणात ‘ब’ लिहिला तरी जीसीसी ‘मल्टी-कॅरॅक्टर’ म्हणून कुरकुरतो. "बेळगाव" म्हणजे सहा चिन्हे, 18 बाइट, वर शून्याचा एक: एकूण 19. सहाचा अ‍ॅरे दिल्यास ‘टू लाँग’ची वॉर्निंग येते, आत उरते फक्त ‘बे’. नेमके 18 दिले तर मात्र शून्य बाइट गळतो आणि सीच्या नियमांत ते बसते. जीसीसी यावर बोलू लागला तो 15व्या आवृत्तीपासून, तेही जादा वॉर्निंग मागणारा ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ पर्याय लावल्यास. असा मजकूर छापताना बेळगावच्या शेपटीला शेजारच्या मेमरीतला कचरा लागून येऊ शकतो. अ‍ॅरेचा आकडा न देता कंस रिकामा सोडला, तर कंपायलर 19 स्वतःच मोजून घेतो.