फाशीचा अधिकार आणि साक्षीदाराची स्मृती

भारतीय राज्यघटनेचा 21 वा अनुच्छेद राज्याला कोणाचा जीव घेण्यास सरसकट मनाई करत नाही. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित हिरावून घेता येणार नाही, एवढेच तो सांगतो. फाशीची सगळी वैधता अशा रीतीने त्या कार्यपद्धतीवर उभी आहे. म्हणूनच फाशीच्या वादात नीतीच्या प्रश्नाबरोबर एक वैज्ञानिक प्रश्नही येतो: न्यायालयापुढे येणारा पुरावा, विशेषतः माणसाची आठवण, कितपत भरवशाची असते?

कायद्याने या अधिकाराला बरेच लगाम घातले आहेत. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना विशेष कारणे नोंदवणे बंधनकारक केले. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी वैध ठरवली, मात्र ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांपुरती राखून ठेवली. सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातही येत नाही. पण यातील बरीचशी काळजी शिक्षा किती असावी यासाठी आहे. समोर उभा असलेला माणूस खरोखरच गुन्हेगार आहे का, या प्रश्नाला ती पुरी पडत नाही.

नाशिक जिल्ह्यात 2003 मध्ये दरोडा घालून एकाच कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीचीच शिक्षा सुनावली. दहा वर्षांनी, मार्च 2019 मध्ये, त्याच न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. वाचलेल्या जखमी साक्षीदाराने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते आणि सरकार पक्षाने ती बाब न्यायालयापुढे आणलीच नव्हती. पुढे त्याच साक्षीदाराची या सहा जणांविरुद्धची ओळख मात्र ग्राह्य धरली गेली होती.

साक्षीदार खोटे बोलत होता असे मानण्याची गरज नाही. आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते आणि मधल्या काळात कानावर पडलेले, डोळ्यांखालून गेलेले पुष्कळ काही तिच्यात नकळत मिसळते. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये याचा एक नेमका पैलू दाखवून दिला. त्यांनी लोकांना सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले आणि नंतर काही छायाचित्रांतून गुन्हेगार ओळखायला सांगितले. खरा गुन्हेगार त्या छायाचित्रांत नव्हताच, म्हणजे प्रत्येकाची निवड चुकीचीच होती. तरीही ज्यांना ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत’ असे सांगण्यात आले, त्यांची खात्री बरीच वाढली. इतकेच नव्हे, तर आपण तो चेहरा नीट आणि लक्षपूर्वक पाहिला होता, असेही ते सांगू लागले. आपल्याकडे ओळख परेड (संशयिताला इतरांबरोबर उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगणे) आणि न्यायालयातील साक्ष यांच्यात अनेकदा वर्षे जातात. तेवढ्या काळात डळमळीत आठवण ठाम होत गेली, तर उलटतपासणीत ती उघडी पाडणे फार अवघड असते, कारण साक्षीदार प्रामाणिकच असतो. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांत सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी चुकीची ओळख हा एक घटक होता.

फाशीच्या धाकाने खून कमी होतात, हे समर्थन राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये तीन दशकांहून अधिक काळातील अभ्यास तपासले आणि त्यांतून फाशीमुळे खून वाढतात, घटतात की काहीच फरक पडत नाही, हे ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. इतक्या अनिश्चित लाभासाठी इतकी कायमची शिक्षा देणे मला समर्थनीय वाटत नाही.

नाशिकचे प्रकरण पुन्हा उघडले गेले ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या एका निकालामुळे, ज्याने फाशीच्या कैद्यांच्या पुनर्विलोकन याचिका, म्हणजे न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा तपासावा अशा विनंत्या, खुल्या न्यायालयात ऐकण्याचा नियम घालून दिला. ओळख परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसणे, साक्षीदाराची पहिली ओळख आणि त्या वेळची त्याची खात्री चित्रमुद्रित करणे, छायाचित्रांतून झालेली प्रत्येक ओळख बचाव पक्षाला देणे, या सुधारणा आजही करता येण्याजोग्या आहेत. त्यांनी चुका घटतील, संपणार नाहीत. 2015 मध्ये विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे वगळता इतर गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करण्याची शिफारस केली. संसदेने ती अजून स्वीकारलेली नाही.