ऑपरेशननंतर पाय बधिर आहे? आधी हे वाचा

(वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची भाड्यानं नेणाऱ्या गिऱ्हाईकांसाठी)

वॉकर नेला त्या घरातून रात्री फोन येतोच. "भाऊ, सकाळी मामांच्या घोट्याचं ऑपरेशन झालं, आता जेवणंबी झाली तरी बोटं हलंना गेलीत, पाय मेला का काय?" पाय मेलेला नसतो, ब्लॉक, म्हणजे पायाची नस बधिर करायचं इंजेक्शन, दिलेला असतोय. डॉक्टर सांगतात सगळं, पण त्या गडबडीत कोण ऐकतंय, म्हणून हा कागद वॉकरलाच बांधून द्यायलोय.

कमरेतल्या इंजेक्शननं दोन्ही पाय बधिर होतात आणि काही तासात ती भूल उतरते. ब्लॉक वेगळा, तो एकाच पायाला, ऑपरेशननंतरचं दुखणं दाबायला. भुलीचे डॉक्टर सोनोग्राफीवर नस बघत गुडघ्यामागच्या लवणीत सुई घालतात, कारण मांडीमागून येणारी सायटिक नस तिथंच दोन फाटे फुटून पावलाकडं जाते, आणि तिच्याभोवती बुपिवाकेन नाहीतर रोपिवाकेन नावाचं औषध सोडतात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी दुसऱ्या नसेवर असते, त्यामुळं कधी अजून एक सुई. नुसत्या अंगठ्याचं किंवा पंजाचं काम असलं तर घोट्याभोवतीच पाच नसा बधिर करतात.

हा असर साधारण १२ ते २४ तास राहतो, कुणाला कमी कुणाला जास्त. कुणाकुणाला बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध सोडत राहतात.

आता खरी गोम. ब्लॉक उतरतो तेव्हा दुखणं हळूहळू येत नाही, एकदम उसळतं, आणि सकाळी ११ ला ऑपरेशन झालं असलं तर ती वेळ बरोबर मध्यरात्र ते पहाटेची. संध्याकाळी पेशंट मजेत असतोय, म्हणतोय दुखतच नाही तर उगी गोळ्या कशाला खायच्या. तिथंच चुकतंय! डॉक्टरांनी लिहिलेली गोळी लिहिलेल्या वेळेला, दोन घास खाऊन, दुखायच्या आधीच घ्यायची. पायाला मुंग्या यायल्या म्हणजे ब्लॉक उतरायलाय, तेव्हा तर वेळ चुकवूच नका. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असला तर शेजारच्याची गोळी मागून खायची नाही, आणि दारू तर अजिबात नाही.

दुसरी गोष्ट पडण्याची. मांडी उचलते, गुडघा वाकतो, म्हणून गड्याला वाटतंय आपण उभं राहू, आणि रात्री संडासला एकटाच उठतो. पण घोट्याखाली काहीच कळत नसतं, पाय मुरगळून तिथंच आदळतो, ऑपरेशन गेलं पाण्यात. आमचा वॉकर हातात असला तरी सोबत माणूस पाहिजेच, आणि डॉक्टरांनी टेकवू नका म्हणलेला पाय टेकवायचा नाही.

शेक तर देऊच नका. गरम पाण्याची पिशवी, तापवलेली वीट, काहीच नाही. बधिर कातडी भाजली तरी पेशंट हू की चू करत नाही, फोड सकाळी दिसतोय. टाचेचंही तसंच, पोटरीखाली उशी द्या आणि टाच अधांतरी ठेवा, एकाच जागी दाबून राहिली की जखम होते.

आणि दुखणं कळत नाही म्हणून बोटं डोळ्यांनी बघायची. नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की दोनेक सेकंदात परत गुलाबी झालं पाहिजे. बोटं निळी, गार पडली, प्लास्टर आवळायलंय, गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, नाहीतर दोन दिवस उलटले तरी पाय बधिरच, असं काही असलं तर आम्हाला नाही, डॉक्टरांना फोन लावा, रात्रीचे दोन वाजलेले का असंनात.

शुगर असलेल्यांनी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, पायाला आधीपासून मुंग्या असलेल्यांनी हे भुलीच्या डॉक्टरांना सुई टोचायच्या आधीच सांगायचं. नसेला कायमची इजा क्वचितच होते, पण लपवू नका.

वॉकर आदल्या दिवशीच घेऊन जा, उंची आम्ही माणूस बघून लावून देतो. खालचे रबरी बूट झिजले असले तर बदलून मागा, त्याचे पैसे नाहीत.